बिनतिखटाचा डबा

पुस्तकांतली पोरं मोठी नशीबवान. त्यांचं बाळपण संपायचं असलं की लेखक आधी आभाळ भरून आणतो, वारा सोडतो, एखादं झाडबीड मोडून पाडतो. वाचणाऱ्याला कळतं, आता हिचं काही खरं नाही. मी असली पुस्तकं पोत्यानं वाचली, दोनचार स्वतःही लिहिली, आणि त्यांतल्या प्रत्येक पोरीचं निरागसपण चांगलं वाजतगाजत घालवलं. माझं स्वतःचं गेलं तेव्हा मात्र ऊन स्वच्छ पडलं होतं, दारात कोंबड्या टिपत होत्या आणि माझ्या हातात अर्धी खाल्लेली काकडी होती. उरलेली मी नंतर खाल्लीसुद्धा. पुस्तकात हे कुणी लिहीत नाही.

तेव्हा आम्ही कुरुळीत राहायचो. गावात माझ्याएवढी थापाडी पोर नव्हती, आणि हे मी नम्रपणे सांगते आहे, कारण खरं पाहता पार नाशकापर्यंत नव्हती. आमच्या परसातली घूस एवढी दांडगी होती की तिला जू लावून वडिलांनी एकदा अर्धं वावर नांगरलं, ही माझीच गोष्ट. चाकणच्या किल्ल्यातलं भुयार आमच्या चुलीखालून जातं, आणि आत कोंडलेल्या गरम हवेमुळं आमची भाकरी इतरांच्या आधी फुगते, हीसुद्धा माझीच. खोटं वाटत असेल तर आमच्या आत्याला विचारा. ती आता नाही, हा भाग वेगळा.

घरात आम्ही चौघं. वडील, त्यांना मी दादा म्हणायची; आई; मी; आणि दादांची थोरली बहीण. ही आत्या लग्नाची हळद उतरायच्या आत विधवा होऊन माहेरी परतलेली. दादा रोज सायकलीनं मोशी, भोसरी करत पिंपरीला जायचे. तिथं माळावर औषधाचा नवा कारखाना उभा राहिला होता. आधी ते विटा वाहायला होते, मग आत घेतले गेले. इंजेक्शनचं औषध करतात, एवढंच आम्हाला ठाऊक. बाकीचं मी पुरवलं. मी गावभर सांगितलं की आमचे दादा औषध ढवळतात ती कढई आपल्या गावविहिरीएवढी आहे, ढवळायला पळी नसून वल्हं आहे, आणि दादांच्या धोतराच्या सोग्याला चुकून लागलेला एक थेंब मोशीच्या रस्त्यात एका मेलेल्या म्हशीवर पडला तर म्हैस उठून उभी राहिली आणि त्याच सांजेला दूध दिलं.

"मेलेल्या म्हशीनं दूध दिलं?" पारावरची म्हातारी माणसं विचारायची.

"पहिल्या दिवशी थोडं पातळ होतं," मी म्हणायची.

ही म्हैस मी उगाच उठवली नव्हती. आईला खोकला लागला होता. खोकल्याचा ताप झाला, तापाचं रक्त झालं, आणि ऐन थंडीत दादांनी तिला बैलगाडीत गवत टाकून तळेगावच्या बाजूला मोकळ्या हवेच्या दवाखान्यात नेऊन ठेवलं. जाताना ती मला म्हणाली, "माझं नवं लुगडं पेटीत हाय. आले की नेसंन. उंदराला लागू दिऊ नगंस." मग मी त्या पेटीवर बसून अभ्यास करायची, पेटीवर बसून जेवायची. उंदीर तर सोडाच, मुंगीनंही मला विचारूनच जावं असा माझा पहारा होता. म्हैस उठते तर आई का उठणार नाही, हा माझा हिशेब. दादांच्या कारखान्यातलं औषध त्या रोगाचं नव्हतंच, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. दादांना तेव्हाच ठाऊक होतं. रोज वल्हं मारून येत होते बिचारे.

त्या दवाखान्यात पोरांना आत सोडत नसत. म्हणून दर रविवारी दादा एकटे जायचे. आत्या सकाळी डबा भरायची. मऊ भात, फिकं वरण, दुधी, कधी साजूक तुपाचा शिरा. तिखटाचा कणही नाही, कारण तिखटानं आईचा खोकला उसळायचा. दादा डबा पिशवीत घालून सायकलीला अडकवायचे आणि एक पाय पायडलवर ठेवून माझ्यासमोर उभे राहायचे.

"हं. निरोप काय?"

मी आठवडाभर रचून ठेवलेली गोष्ट सांगायची. आमच्या कोंबडीनं चौकोनी अंडं घातलं. गुरुजींच्या टोपीत साळुंकीनं घर केलं, ते अजून त्यांना माहीत नाही. दादा मान हलवत ऐकायचे, मध्येच विचारायचे, "टोपीत अंडी किती म्हणलीस?" म्हणजे आईला सांगताना चूक व्हायला नको. संध्याकाळी ते परतायचे. डबा रिकामा, घासून लख्ख. मी सायकलीला लोंबकळून विचारायची, "काय म्हणाली?"

"हसली," दादा म्हणायचे.

एवढंच. दादा म्हणजे शब्द तोंडातून काढताना दात दुखावा तसे बोलणारे गृहस्थ. मी खनपटीला बसले तर म्हणायचे, "लई हसली."

वैशाखात मला महाळुंग्याला आईच्या चुलत बहिणीकडं आंबे खायला पाठवलं. मी एवढे आंबे खाल्ले की माझ्या घामाला माशा लागायच्या. मावशी मात्र विचित्र वागत होती. कोय चोखत असताना मध्येच मला छातीशी धरायची. माझे हात बरबटलेले, तिची चोळी खराब होतेय, तरी सोडायची नाही. मला वाटलं, हिला माणसांची फार हौस. परत आले तर दादांच्या डोक्याचा गोटा, आणि मिशी साफ.

"दादा! केस?"

दादांनी आत्याकडं पाहिलं. आत्यानं चुलीकडं पाहिलं.

"कारखान्यात काढाया लावलं," दादा म्हणाले. "औषदात क्यास पडत्यात."

"आणि मिशी?"

"ती बी पडती."

केवढी कॉलर ताठ झाली माझी! मी त्याच दिवशी गावात सांगून आले की औषधात दादांचा एक केस पडला तर तो विहिरीच्या दोराएवढा वाढला आणि साहेबांनी त्याला धरून वर चढून पाहिलं. पारावरच्या माणसांनी नेहमीसारखं हसायला हवं होतं. ती हसली नाहीत. एकजण उठून गेला. मला वाटलं, गोष्ट जरा कमी पडली. मी दोराची लांबी वाढवली.

आणि मग एक चांगली गोष्ट घडली. आईचे निरोप लांबले.

"काय म्हणाली?" मी विचारलं, तर दादा ओट्यावर टेकले, गोटा खाजवला आणि म्हणाले, "तिनं तुझं ऐकलं. मंग म्हणली, साळुंकीची पिल्लं मोठी झाली आसतील न्हाई आता. गुरुजी नमस्काराला वाकलं की त्येंची पंचाईत व्हायची. म्हणली, येणी घट्ट घाल. म्हणली, आत्याला उलट बोलू नगं." पुढच्या रविवारी त्याहून मोठा निरोप. तिच्या शेजारच्या खाटेवरच्या बाईला माझी घूस एवढी आवडली की तिनं आपल्या मुलासाठी घुशीला मागणी घातली. खिडकीशी एक खार येते आणि आईच्या हातून भात खाते. दादांना हे बोलताना घाम फुटायचा, पण बोलायचे. मी रात्रीपर्यंत ते घोकायची. ज्या बाईला एक वाक्य बोलायला दम लागत होता ती आता खारीची गोष्ट सांगते, म्हणजे ती बरी होत चालली, यात शंकाच नव्हती. मी पेटीतलं लुगडं काढून उन्हात घातलं.

गावही फार चांगलं वागत होतं. ज्या घरात जावं तिथं हातावर काहीतरी पडायचं. गुळाचा खडा, चिक्कू, साय. माझ्या थापांना कुणी अडवेना. नदीच्या वाटेवर राहणारी एक पोर माझी जन्माची वैरीण होती. मी तिच्या दंडाला एकदा असं चावले होते की तिथं माझे दात मोजता यायचे. तिच्याशी एकदा चिंचेवरून जुंपली. मी म्हटलं, "माझी आई आल्यावर तुझं नाक कापंल." ती उसळून म्हणाली, "तुझी आई—"

आणि थांबली. तिच्या तोंडात शब्द आलेला मला दिसत होता. तिनं तो गिळला. गिळताना तिचा गळा हलला.

"—येऊ दे मग, तिलाच सांगते तुझं नाव," ती म्हणाली, आणि चिंच मला देऊन टाकली.

वैरिणीनं चिंच दिली तेव्हाच मला शंका यायला हवी होती. पण थापा मारणाऱ्याला एक खोड असते. आपल्याशिवाय कुणाला ही विद्या येते असं त्याला वाटतच नाही.

पुढल्या वर्षीच्या भाद्रपदात, पितर चालू असताना, आत्यानं मला सकाळीच चाकणला पिटाळलं. शेजारचे चुलते गाडी घेऊन कांदा घालायला निघाले होते. "जा, बाजार बघ, भजी खा," आत्या म्हणाली. आपणहून भजी खा म्हणणारी आत्या मी जन्मात पाहिली नव्हती. पण अर्ध्या वाटेतच गाडीचा कणा मोडला. (मी तेव्हा सर्वांना सांगितलं की गाडीला वाघ आडवा आला, मोडला कणाच.) चुलते सुताराला शोधायला गेले आणि मला गावाकडं येणाऱ्या एका गाडीत घालून दिलं. त्यांनी काकडी घेऊन दिली. ती खात मी दारात आले.

आत चुलीवर वडे तळल्याचा वास. पाटाभोवती रांगोळी. पाटावर शेजारची काकी, म्हणजे ज्यांच्या गाडीचा कणा मोडला त्यांची बायको, पदर घेऊन बसलेली. हातात हिरवा चुडा कोपरापर्यंत. पुढं केळीच्या पानावर खीर, वडे, भाजी. आत्या वाकून तिच्या ओटीत नारळ घालत होती. आणि काकीच्या अंगावर माझ्या पेटीतलं लुगडं होतं.

मला आधी रागच आला. "ते आईचं आहे!" मी ओरडले. "उंदराला दिलं नाही मी ते. काढा!"

काकीनं डोळे मिटून घेतले. आत्याचं कुंकवाचं बोट हवेत राहिलं.

"आगं, नवमी हाय," आत्या म्हणाली. "आहेवनवमी. सवाष्ण जेवू घालावी लागती. लुगडं द्यावं लागतं. तुझ्या आईला दुसरं आणू."

"कुणासाठी घालायची सवाष्ण?"

"तुझ्या आजीसाठी," आत्या पटकन म्हणाली.

हाच तो क्षण. आभाळ निळं, कोंबड्या टिपताहेत.

आमच्याकडं शेंबड्या पोरालासुद्धा माहीत असतं की नवरा मागं ठेवून, कुंकवासकट जी बाई जाते ती अहेव गेली, आणि पितरांतली ही एक नवमी तिच्यासाठी असते. तिच्या नावानं सवाष्ण जेवते, तिच्या नावानं चुडा भरते. आजी अहेव गेली नव्हती. आजोबा तिच्या आधी गेले. आजीचं मोकळं कपाळ आणि मोकळी मनगटं मी तिच्या मांडीवर बसून पाहिली होती. आत्याची थाप कच्ची होती. मी असते तर एखादी चुलत आजी काढली असती, दूरच्या गावची, कुणी न पाहिलेली. पण आत्या या धंद्यात नवी. मी मात्र मुरलेली, आणि मुरलेल्या माणसाला दुसऱ्याच्या गोष्टीतलं भोक लगेच दिसतं. आजी नाही, तर मग या घरात नवरा मागं ठेवून कोण गेलं? या घरात मागं राहिलेला नवरा एकच होता. तो पिंपरीला कामावर गेला होता.

मग एकामागून एक सगळं बसत गेलं. गोटा, मिशी, मावशीची बरबटलेली चोळी, वैरिणीची चिंच. लांबलेले निरोप. खार.

आत्या माझ्याकडं पाहत होती. एक तर तिच्या स्वतःच्या कपाळावर कुंकू टिकलं नाही, आणि दुसऱ्या बाईचं अहेवपण साजरं करायला ती लपूनछपून वडे तळत होती. एक वर्ष तिनं कसंबसं काढलं असेल. या वर्षी भावजयीचा मान चुकवणं तिच्यानं झालं नाही. हे सगळं मला आज सुचतंय. तेव्हा मला एवढंच दिसलं की तिच्या बोटावरचं कुंकू खाली सांडणार आहे.

"आजीला वडे लई आवडायचे," मी म्हणाले.

"व्हय," आत्या म्हणाली. "लई आवडायचे."

माझ्या आयुष्यातली ही सगळ्यात लहान थाप. आजीला दात नव्हते. मी मागच्या दारी जाऊन काकडी संपवली. ती कडू होती की गोड, हे आठवत नाही, आणि ज्याला असलं सगळं आठवतं त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

त्यानंतरचे दिवस फार मोठे होते. घरात तीन माणसं आणि तिघांना एकच गोष्ट माहीत, पण प्रत्येकाला वाटायचं ती दुसऱ्यापासून राखायची आहे. आम्ही एका चुलीभोवती बसायचो आणि तीन वेगवेगळ्या गावांत असल्यासारखे जेवायचो. मी बाहेर जायची तर पारावरची माणसं म्हणायची, "काय गं, घूस काय म्हणती?" मला त्यांची तोंडं बघवेनात. एवढं मोठं गाव, दीड वर्ष, आणि एकाचीही जीभ घसरली नाही. गावभर थापा मारत मी हिंडले, आणि सगळं गाव माझ्याहून मोठी थाप मारून बसलं होतं, तेही हातावर गूळ ठेवून. त्यांच्यावर रागवावं तर गूळ आठवायचा. कुणाशी बोलावं हे कळेना. आईला निरोप पाठवून सांगण्यासारखी ही गोष्ट होती खरं तर.

रविवार आला. पहाटे उठले तेव्हा माझ्या डोक्यात एकच विचार होता. आई नाही, तर डबा कोण खातं?

आणि मग मला दिसलं. दादा. मिरचीशिवाय ज्यांचा घास उतरत नाही, ठेचा नसला तर जे कच्ची मिरची मिठाला लावून खातात, ते दादा कुठंतरी एकटे बसून दर रविवारी मऊ भात आणि फिका दुधी खात होते. अन्न टाकायचं नाही, आणि डबा तर रिकामा आणायचा. मग वाळूनं घासायचा. मग परत येता येता खारीची गोष्ट जुळवायची.

मी आत्याच्या आधी चुलीपाशी बसले. बाजरीची भाकरी थापली. ती चुलीखाली भुयार नसल्यासारखी बेताचीच फुगली. तव्यावर मिरच्या आणि लसूण परतून ठेचा केला, असा की आत्याला ओट्यावर शिंका आल्या. कांदा फोडला. डब्यात भरलं. आत्या आत आली, तिनं डब्यात पाहिलं.

"आगं, तिला तिखट—" ती म्हणाली, आणि तिचाही गळा तसाच हलला. मग तिनं टोपलीतली आणखी एक भाकरी घेऊन डब्यात दाबून बसवली.

दादा सायकलीवर एक पाय ठेवून उभे राहिले. "हं. निरोप?"

"आज काही नाही," मी म्हणाले. "नुसतं पोटभर जेवायला सांगा."

त्यांनी अडकवलेली पिशवी एकदा चाचपली. मग गेले.

संध्याकाळी आले तेव्हा डबा घासलेला नव्हता. आत ठेच्याचा हिरवा डाग होता. त्यांनी तो माझ्या हातात दिला, ओट्यावर बसले, आणि म्हणाले, "लई दिसांनी पोटभर जेवली."

पुढल्या रविवारी त्यांनी मला विचारलं नाही. उचलून सायकलीच्या दांड्यावर बसवलं. आत्यानं भाकऱ्या जास्त दिल्या होत्या. आम्ही महाळुंग्यावरून तळेगावच्या रस्त्याला लागलो, पण तळेगावपर्यंत गेलो नाही. इंदोरीच्या अलीकडं इंद्रायणीच्या काठाला सायकल उतरवली. तिथं एक सपाट दगड होता. दगडाच्या कडेला विड्यांची थोटकं पडली होती, काही ताजी, काही पावसानं कुजून मातीला मिळालेली. एकाच माणसाची. शेजारी दुसरं कुणी बसल्याची खूण नव्हती. गवत उभं होतं. मी त्या गवतावर बसले.

पलीकडं तळेगावची बाजू दिसत होती. आम्ही भाकरी मोडली. निम्मी झाल्यावर दादांनी नदीकडं बघत विचारलं, "त्या मोशीच्या म्हशीचं फुडं काय झालं गं?"

कारखान्यातल्या एका थेंबानं उठलेली माझी म्हैस. तिचं पुढं काय करायचं हे मला सवयीनं लगेच सुचलं: ती आता पिंपरीत कामाला लागली आहे, तिला सायकल घेतली आहे. सगळं जिभेवर आलं.

"मेली दादा," मी म्हणाले. "ती उठलीच नव्हती."

"व्हय," ते म्हणाले. "मला बी वाटलंच."

मग त्यांनी ठेचा माझ्याकडं सरकवला. डोळ्यांना पाणी यायला तो पुरेसा तिखट होता. कारण शोधायची गरज पडली नाही. डबा आम्ही दोघांनी वाळूनं घासला. परत येताना मी पुढं दांड्यावर आणि ते मागं. असं बसलं की एकमेकांचं तोंड दिसत नाही. कुरुळी येईपर्यंत प्रत्येक चढाला त्यांचा श्वास माझ्या वेणीवर लागायचा. वेणी मी घट्ट घातली होती.